पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरास पोंचला. त्या मार्गावर माढा तालुक्यांत कुर्डुवाडी हें स्थानक आहे. पूर्वीं या स्थानकास ‘बार्शी रोड’ असें नांव होतें. १८९७ सालीं येथून बार्शीस जाणारी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ सालीं तिचा फांटा पंढरपुरास गेला, १९११ सालीं दुसरा लातुरास गेला, आणि १९२७ सालीं पंढरपुराकडील मार्ग पुढें थेट मिरजेस जाऊन मिळाला. मोठ्या रुळांची रुंदी साडेपांच फूट, तर धाकट्यांची अवघी अडीच फूट. त्यामुळें मोठ्या गाडीचा डबा येथून पुढें जाणें शक्यच नव्हतें. सारा माल उतरावयाचा, हमालांच्या डोक्यावरून पलीकडे न्यावयाचा आणि लहान गाडींत भरावयाचा, हा कुर्डुवाडीचा वर्षानुवर्षांचा उद्योग होता.

पुण्यामुंबईकडून पंढरपूर, बार्शी, लातूर या गांवीं आगगाडीनें जाणाऱ्या कोणत्याही नाटक मंडळीस ही उतारचढ चुकणारी नव्हती. त्या काळच्या मंडळीचें सामान म्हणजे एक फिरतें खेडेंच असे. रंगविलेल्या पडद्यांच्या लांबच लांब गुंडाळ्या, शालूंच्या आणि खोट्या दागिन्यांच्या पेट्या, बाजाची पेटी, सारंगी, तबले, दिवे, स्वयंपाकाचीं भांडीं, आणि या सर्वांच्या मागोमाग नट, गवई, साजिंदे, आचारी व गडी असा मोठा जथा. या जथ्यांत दुष्यंत असे, अर्जुन असे, तशीच शकुंतला असे आणि सुभद्राही असे. परंतु शकुंतला आणि सुभद्रा हीं पात्रें करणारे सारे पुरुषच असत. मंडळींतील नायिका अंगांत सदरा आणि कमरेस धोतर नेसून, डोक्यावरील वाढविलेले केस पागोट्याखालीं झांकून, फलाटावर चहा पीत उभी असे, असें म्हटलें तर तें थट्टेचें होणार नाहीं.

या नाट्यपरंपरेंत स्त्रीनें स्वतःचें पाऊल केव्हां टाकलें, तें कोणीं टाकलें, आणि त्याबद्दल तिला काय मोल द्यावें लागलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें एका मायलेकींच्या चरित्रांत सांपडतात. आई दुर्गाबाई कामत आणि मुलगी कमलाबाई, विवाहानंतरच्या कमलाबाई गोखले. हिंदी चित्रपटसृष्टींत पडद्यावर दिसलेल्या पहिल्या दोन स्त्रिया त्या ह्याच.

त्यांची कथा समजण्यास मागील सत्तर वर्षांचा इतिहास थोडा पाहावयास हवा. १८४३ सालीं सांगली येथें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ हें नाटक केलें आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. १८८० सालीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें आणि संगीत नाटकाचा तो प्रसिद्ध काळ सुरू झाला. भावे यांची सीताही पुरुष होती आणि किर्लोस्करांची शकुंतलाही पुरुषच होती. भाऊराव कोल्हटकर आपल्या गळ्याच्या जोरावर स्त्रीभूमिका गाजवीत. पुढें नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनीं १९०५ सालीं मिरजेस पहिली भूमिका केली, आणि थोड्याच वर्षांत त्यांचा शालू, त्यांचा पदर, त्यांची वेणी यांचें अनुकरण पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया करूं लागल्या. स्त्रीनें कसें दिसावें आणि कसें चालावें हें स्त्रियांना एका पुरुषानें दाखवावें, ही गोष्ट त्या समाजाला मुळींच विचित्र वाटली नाहीं.

याचें कारण सरळ होतें. नाटकांत काम करणाऱ्या पुरुषालाही त्या काळीं घरंदाज लोक आपल्या पंक्तीस घेण्यास कचरत. मुलगा नाटकांत गेला म्हणजे घरांतील वडील माणसें तो वाया गेला असें मानीत. किर्लोस्करांनीं आणि त्यांच्या मागून आलेल्यांनीं नाटकाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती फार कष्टानें मिळविलेली होती. गाणारी आणि नाचणारी स्त्री म्हणजे कलावंतीण अथवा तमाशांतील बाई, अशी लोकांची समजूत होती. ती स्त्री रंगभूमीवर येतांच मिळविलेली प्रतिष्ठा नाहींशी होईल, हें भय मंडळीच्या चालकांना वाटे. कांहीं निवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या मात्र एकोणिसाव्या शतकापासूनच होत्या. त्यांत पुरुषांचीं कामेंही स्त्रियाच करीत. त्यांचे खेळ होत, लोक पाहावयास जात, परंतु ‘सभ्य’ रंगभूमीच्या इतिहासांत त्यांस जागा मिळाली नाहीं. पुरुषानें स्त्री होणें ही कला, आणि स्त्रीनें स्त्री होणें हा मात्र निर्लज्जपणा, असा तो न्याय होता.

या न्यायाच्या विरुद्ध दुर्गाबाई कामत उभ्या राहिल्या, त्या कोणत्याही चळवळीच्या आवेशानें नव्हे, पोटासाठीं. त्या ब्राह्मण कुटुंबांतील होत्या आणि त्या काळच्या मानानें थोडेंबहुत शिकलेल्या होत्या. १९०३ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरीं लहान मुलगी. अशा स्त्रीपुढें त्या वेळीं किती वाटा होत्या? माहेरच्या दाराशीं आश्रितासारखें राहणें, दुसऱ्याच्या घरीं धुणींभांडीं करणें, किंवा ज्याचा उच्चारही नको अशा मार्गाला लागणें. शिक्षिका किंवा परिचारिका होण्याची सोय अगदींच थोड्यांना होती. दुर्गाबाईंनीं चौथी वाट धरली. त्या फिरत्या नाटक मंडळींत शिरल्या. स्वकीयांनीं त्यांना दूर लोटलें. परंतु मंडळींत दोन वेळचें अन्न होतें, राहावयास बिऱ्हाड होतें आणि मुलीला जवळ ठेवतां येत होतें. या तीन गोष्टींसाठीं त्यांनीं आपली जात, नातींगोतीं आणि लोकांतील नांव यांवर पाणी सोडलें.

मुलगी कमला हिचा जन्म १९०० सालचा. चार-पांच वर्षांची असतांनाच ती रंगभूमीवर उभी राहिली. इतर मुलें ज्या वयांत पाटीवर श्री गिरवितात, त्या वयांत तिनें नक्कल पाठ करण्यास आरंभ केला. तिची शाळा म्हणजे फिरती मंडळी. आज एक गांव, पंधरा दिवसांनीं दुसरें. दुपारीं तालीम, रात्रीं खेळ, पहांटे बांधाबांध. विलायतेंतील प्रसिद्ध नटी एलेन टेरी हिचेंही बाळपण असेंच गेलें होतें. तिचे आईबाप फिरतीवरचे नट होते, आणि १८५६ सालीं, अवघ्या नऊ वर्षांची असतांना, तिनें शेक्सपिअरच्या एका नाटकांत राजपुत्राची भूमिका करून लंडनच्या रंगभूमीवर पाऊल टाकलें. दोघींचें शिक्षण एकाच प्रकारचें, दिव्यांच्या धुरांत आणि पेट्यांच्या गर्दींत झालेलें. फरक इतकाच कीं, एलेन टेरी जन्मली त्या देशांत स्त्रिया १६६० पासून रंगभूमीवर काम करीत होत्या. कमलेच्या देशांत त्या वाटेवर अजून पाऊलवाटही उमटली नव्हती.

इकडे मुंबईंत एक निराळाच उद्योग चालला होता. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं आपला विमा गहाण टाकून, विलायतेस जाऊन, चलच्चित्रें घेण्याचें यंत्र आणिलें आणि ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घेण्याचें ठरविलें. तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री हवी म्हणून त्यांनीं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. कुलीन स्त्री कोणी येईना. तेव्हां त्यांनीं जिच्याकडे समाज तोंड वळवितो अशा वस्तींतही शोध केला. तेथील स्त्रियांनींही हें काम आपल्याला कमीपणाचें वाटतें असें सांगून नकार दिला. यावरून या नव्या धंद्याची पत किती होती हें समजेल. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत काम करणारा अण्णा साळुंके नांवाचा नाजूक हातांचा तरुण फाळके यांच्या दृष्टीस पडला. महिना दहा रुपयांचे पंधरा रुपये मिळणार म्हणून तो आला आणि हिंदी पडद्यावरील पहिली नायिका झाला. चित्रपटांत काम करतों असें सांगणें लाजिरवाणें वाटूं नये म्हणून फाळके आपल्या माणसांना, ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यांत कामाला आहों असें सांगा,’ असें बजावीत. ३ मे १९१३ या दिवशीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

त्या चित्रपटानंतर फाळके आपला कारखाना घेऊन नाशकास गेले आणि त्याच १९१३ सालीं त्यांनीं ‘मोहिनी भस्मासुर’ हा दुसरा चित्रपट हातीं घेतला. या वेळीं त्यांना दोन स्त्रिया मिळाल्या. पार्वतीच्या भूमिकेसाठीं दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेसाठीं त्यांची तेरा वर्षांची कन्या कमला.

या निवडींत एक गंमत आहे. भस्मासुराची पुराणकथा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल असा वर त्याला शंकराकडून मिळाला आणि तो वर देणाऱ्याच्याच मागें लागला. तेव्हां विष्णूनें मोहिनीचें रूप घेतलें, त्याला नृत्याच्या नादीं लावलें आणि नाचतां नाचतां त्याचाच हात त्याच्या मस्तकावर ठेवविला. म्हणजे मोहिनी ही मूळची स्त्री नव्हेच. स्त्रीचा वेष घेतलेला पुरुष. साऱ्या पुराणांत पुरुषनटाला हक्कानें शोभावी अशी जर कोणती स्त्रीभूमिका असेल तर ती हीच. आणि नेमकी हीच भूमिका करण्यास प्रथम एक मुलगी पुढें आली. त्याच १९१३ सालीं बालगंधर्वांनीं किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुरुषानें केलेल्या स्त्रीभूमिकेचें वैभव जेव्हां परमावधीस पोंचत होतें, त्याच वर्षीं नाशकास उघड्या उन्हांत त्या वैभवाचा शेवट लिहिण्यास प्रारंभ झाला होता. परंतु हें त्या वेळीं कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. त्या मुलीच्या तर नाहींच नाहीं.

तें काम रंगभूमीवरील कामाहून फार वेगळें होतें. रंगभूमीवर गळा हें मुख्य धन. या पडद्यावर आवाजच नव्हता. गाणें नाहीं, भाषण नाहीं, टाळी नाहीं, ‘वन्स मोअर’ नाहीं. सूर्यप्रकाश असेल तोंवर काम. यंत्राची कळ हातानें फिरवावयाची आणि नटानें तिच्या आंखलेल्या जागेंतच हालचाल करावयाची. सारा भाव डोळ्यांनीं, हातांनीं आणि पावलांनीं दाखवावयाचा. कमलेला लहानपणापासून प्रेक्षकांच्या तोंडाकडे पाहून काम करण्याची संवय. येथें समोर एक लांकडी पेटी. तरीही तिनें तें काम निभावून नेलें. फाळके यांच्या कारखान्यांत सारीं माणसें एका घरच्यासारखीं राहत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सर्वांचा स्वयंपाक पाहत आणि रात्रीं फिल्मच्या कामांतही हात घालीत. अशा घरगुती वातावरणांत, आईच्या नजरेखालीं, ही मुलगी काम करूं शकली. दुर्गाबाई नसत्या तर कमला आली नसती, आणि सरस्वतीबाईंचें तें घर नसतें तर दुर्गाबाईही कदाचित् आल्या नसत्या. पडद्यावर दिसलेल्या पहिल्या स्त्रियांच्या मागें न दिसलेली एक स्त्री उभी होती, हें विसरून चालणार नाहीं.

एकदां दार उघडल्यावर स्त्रियांची रीघ लागली असेल असें कोणास वाटेल. तसें घडलें नाहीं. १९१७ सालीं फाळके यांनीं ‘लंकादहन’ हा चित्रपट घेतला. तो अतिशय लोकप्रिय झाला. त्यांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच नटानें केल्या, आणि तो नट म्हणजे पूर्वींची तारामती, अण्णा साळुंके. प्रेक्षकांनीं सीतेला भक्तिभावानें हात जोडले. तेव्हां, चित्रपटाच्या यंत्राला पुरुषाची स्त्री खपेना म्हणून स्त्रिया आल्या, हें म्हणणें निदान त्या पहिल्या दशकाला लागू पडत नाहीं. लोकांना पुरुषाची सीता चालत होती. स्त्री हवी अशी मागणी प्रेक्षकांची नव्हती. ती जागा दुर्गाबाईंनीं आणि कमलेनें गरजेनें धरली, आणि गरज संपतांच ती पुन्हा रिकामी झाली. समाजांतील पुष्कळ बदल असेच होतात. पहिलें पाऊल पडतें, त्याचा ठसा पुसला जातो, आणि पुढें दहावीस वर्षांनीं दुसरें कोणी त्याच जागीं पाऊल ठेवतें तेव्हां त्यालाच लोक पहिलें म्हणतात.

कमला पुन्हा रंगभूमीकडे वळली. चित्ताकर्षक नाटक मंडळी ही गोखले बंधूंची. त्यांपैकीं रघुनाथराव हे किर्लोस्कर मंडळींत काम केलेले नट. तेथें ते स्त्रीभूमिका करीत. कमला या मंडळीची नायिका झाली, रघुनाथराव नायक झाले, आणि पुढें दोघांचा विवाह झाला. ज्यानें पूर्वीं स्त्रीवेष घेतला त्यानेंच तो वेष खाली ठेवून खऱ्या नायिकेपुढें नायक म्हणून उभें राहावें, ही घटना दिसावयास लहान; परंतु मराठी रंगभूमीवरील एका मोठ्या स्थित्यंतराचें सारें चित्र तींत सांपडतें. पतिपत्नींनीं एकाच नाटकांत नायकनायिकेचीं कामें करणें हें त्या काळीं किती धाडसाचें होतें, हें आज लक्षांत येणें कठीण आहे. विवाहित स्त्री, कपाळीं कुंकू, घरीं मूल, आणि रात्रीं हजार माणसांदेखत शृंगाराचीं पदें! तरीही तें झालें. गांवोगांव झालें आणि लोकांनीं तिकिटें काढून पाहिलें.

हा संसार फार काळ टिकला नाहीं. पंचविशीच्या सुमारासच कमलाबाईंना वैधव्य आलें. चंद्रकांत, लालजी आणि सूर्यकांत हे तीन मुलगे. आईवर जो प्रसंग पूर्वीं आला होता तोच लेकीवर आला. त्या काळीं ब्राह्मणी घरांतील विधवेनें काय करावयाचें हें ठरलेलें होतें. तिनें चार भिंतींच्या बाहेर दिसूं नये, चांगलें वस्त्र नेसूं नये, आणि गाण्याचा तर विचारही मनांत आणूं नये. कमलाबाईंनीं मुलांकडे पाहिलें आणि पुन्हा तोंडाला रंग लावला. शोक करावयास सवड नव्हती. ज्या शालूंना विधवेनें स्पर्शही करूं नये असे लोक म्हणत, तेच शालू नेसून त्या रात्रीं रंगभूमीवर राणी होत आणि त्या कमाईवर सकाळीं मुलांना भाकरी देत.

येथें त्यांच्या मोठेपणाची खरी परीक्षा झाली. वयाच्या तेराव्या वर्षीं मोहिनीचें काम केलें त्यांत आईचा हात धरलेला होता. हें दुसरें काम त्यांनीं एकटीनें केलें. फिरतीमुळें मुलांच्या शाळेचा नियम राहिला नाहीं. त्यांनींही आईप्रमाणेंच मंडळींत शिक्षण घेतलें. चंद्रकांत १९२१ सालीं मिरजेस जन्मले आणि नवव्या-दहाव्या वर्षींच नाटकांत उभे राहिले. लालजी आणि सूर्यकांत तबलावादक म्हणून नांवारूपास आले. तीनही मुलांनीं कलेवर पोट भरलें, आणि लोकांनीं तें सन्मानानें भरूं दिलें. आजीला ज्या धंद्यासाठीं वाळीत पडावें लागलें, त्याच धंद्यांत नातवांना प्रतिष्ठा लाभली.

दरम्यान बाहेरचें जग बदलत होतें. अब्दुल करीम खां यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनीं १९२९ सालीं आपली नाटक मंडळी काढली आणि भावाबहिणींसह स्त्रीपुरुषांचीं मिश्र नाटकें लोकांपुढें आणिलीं. १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत दुर्गा खोटे यांनीं तारामती केली. ज्या भूमिकेसाठीं फाळके यांना एकही स्त्री मिळाली नव्हती, ती आतां मुंबईच्या एका सुखवस्तु, सुशिक्षित घरांतील स्त्री करीत होती. १ जुलै १९३३ रोजीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें मुंबईस ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक केलें. त्यांत ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनीं स्त्रीभूमिका केल्या. या तीनचार वर्षांतच ‘कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या’ असें वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून लिहिलें जाऊं लागलें.

या सर्व स्त्रियांचें धैर्य निःसंशय मोठें. त्यांनाही टीका सहन करावी लागली, आणि दुर्गा खोटे यांच्यावर तर संसाराचा भारही पडला होता. तथापि एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ज्यांच्या पाठीशीं वडिलांचें नांव, शिक्षण अथवा गुरूचें घराणें होतें, त्यांच्या येण्यानें धंद्याला प्रतिष्ठा आली असें लोकांनीं म्हटलें. दुर्गाबाई आणि कमलाबाई यांच्याजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें. त्यांच्या येण्यानें त्यांचीच प्रतिष्ठा गेली असें लोक म्हणाले. वाट एकच. पहिल्यानें चालणाऱ्याच्या पायांत कांटे मोडले, आणि मागून येणाऱ्यांस ती रस्त्यासारखी दिसली.

बालगंधर्वांची पुढील कथाही याच संदर्भांत आठवते. बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या खालावल्या. १९३५ सालीं त्यांनीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. १९३७ च्या सुमारास मीराबाईची भूमिका पडद्यावर केली, पण रंगभूमीवरची मोहिनी तेथें साधली नाहीं. तोंवर बोलपटांतील खऱ्या स्त्रिया लोकांनीं इतक्या जवळून पाहिल्या होत्या कीं, कितीही थोर कलावंत असला तरी पुरुषाची स्त्री त्यांना मानवेना. १९१७ सालीं साळुंके यांच्या सीतेपुढें हात जोडणारा प्रेक्षक वीस वर्षांत बदलला होता. बालगंधर्वांची कला यामुळें लहान ठरत नाहीं. ती ज्या समजुतीवर उभी होती, ती समजूत मात्र संपली होती.

विलायतेंत प्रसिद्ध नट हेन्‍री आयर्व्हिंग यांस १८९५ सालीं सरदारकीचा किताब मिळाला. त्यांच्याबरोबर वीस वर्षांहून अधिक काळ नायिकेचीं कामें केलेल्या एलेन टेरी हिला तसाच मान मिळण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. तेव्हां ती जवळजवळ अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. म्हणजे ज्या देशांत स्त्रिया अडीचशें वर्षें रंगभूमीवर होत्या, तेथेंही नटाला मिळालेला मान नटीपर्यंत पोंचण्यास तीस वर्षें लागलीं. आपल्याकडे फाळके यांच्या नांवाचा सरकारी पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. पहिला पुरस्कार देविका राणी या स्त्रीलाच मिळाला, आणि १९८३ चा दुर्गा खोटे यांना मिळाला. परंतु फाळके यांनीं स्वतः ज्या दोघींना पडद्यावर आणिलें, त्या दुर्गाबाई आणि कमलाबाई यांचीं नांवें त्या यादींत नाहींत.

कमलाबाईंनीं त्याची वाट पाहत आयुष्य काढलें नाहीं. मूकपटांतून बोलपटांत त्या गेल्या, नाटकांत राहिल्या, आणि एकंदर सुमारें पस्तीस चित्रपटांत त्यांनीं कामें केलीं. त्यांना जवळजवळ शंभर वर्षांचें आयुष्य लाभलें. विसाव्या शतकाबरोबर त्या जन्मल्या आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निवर्तल्या. त्यांच्या वृद्धापकाळीं, १९९१-९२ च्या सुमारास, रीना मोहन यांनीं त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट घेतला. ज्या मुलीनें तेराव्या वर्षीं न बोलतां यंत्रापुढें काम केलें, तिला नव्वदी गांठल्यावर त्याच जातीच्या यंत्रापुढें बसून आपली कथा स्वतःच्या तोंडानें सांगतां आली. त्या कथेंत तक्रारीपेक्षां कामाचीच आठवण अधिक होती.

त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले यांनीं मराठी रंगभूमीची आणि चित्रपटाची दीर्घ सेवा केली. ते २००८ सालीं वारले. नातू विक्रम गोखले यांना ‘अनुमति’ या मराठी चित्रपटांतील भूमिकेसाठीं उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेही २०२२ च्या नोव्हेंबरांत निवर्तले. दुर्गाबाई, कमलाबाई, चंद्रकांत आणि विक्रम, अशा चार पिढ्या तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या. घराण्याचा अभिमान सांगतांना आपल्याकडे बहुधा पणजोबांपासून आरंभ करतात. या घराण्याचा आरंभ मात्र एका पणजीपासून होतो, आणि ती पणजी लोकांनीं टाकलेली होती.

कुर्डुवाडीचे तें अडीच फुटी रूळ आतां राहिले नाहींत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून २०१० च्या सुमारापर्यंत लातूर, पंढरपूर व मिरज या साऱ्या बाजूंचे मार्ग रुंद झाले, आणि कुर्डुवाडीहून मिरजेस जाणाऱ्यास डबा बदलावा लागत नाहीं. नाटक मंडळ्यांच्या पेट्याही आतां या फलाटावर उतरत नाहींत. परंतु सायंकाळीं घरीं बसून पडद्यावर एखादी नटी पाहतांना, ती तेथें असणें हें आपण जितकें साहजिक मानतों, तितकें तें एके काळीं नव्हतें, एवढें जरी स्मरलें तरी पुरे. तें साहजिक व्हावें म्हणून एका आईनें आपलें नांव गमावलें आणि तेरा वर्षांच्या एका मुलीनें, टाळी वाजविणारें कोणीही समोर नसतांना, उन्हांत उभें राहून नाच केला.